सारखा आवाज की सारखं मूळ? कोरियन शब्दांमधला ‘सु’

कोरियन शिकायला लागून सहा-आठ महिने झाले की बहुतेकांना एक शोध लागतो. हाक्सॅंग म्हणजे विद्यार्थी, हाक्क्यो म्हणजे शाळा, तॅहाक म्हणजे विद्यापीठ, सुहाक म्हणजे गणित. सगळीकडे ‘हाक’ आहे, आणि हाक म्हणजे शिकणं, विद्या. मग पांगहाक हा शब्द भेटतो. ‘पांग’ म्हणजे सोडणं, मोकळं करणं. शिकण्यापासून मोकळीक, म्हणजे शाळेची मोठी सुट्टी. आपल्या सुट्टीतही ‘सुटणं’ आहेच. हे एकदा दिसलं की पाठांतराचं ओझं खरोखर हलकं होतं.

हे ‘हाक’ मूळचं चिनी. चिनी अक्षरांना कोरियन लोक हांजा म्हणतात. कोरियन शब्दकोशातले निम्म्याहून अधिक शब्द या अक्षरांच्या मुळांतून तयार झालेले आहेत. आपण विद्यार्थी, विद्यालय, विद्यापीठ ओळखतो तसेच ते ओळखता येतात. पण या आनंदात एक गफलत होते, आणि ती वेळीच सुधारली नाही तर पुढे फार त्रास देते. सारखा आवाज आणि सारखं मूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षातच येत नाही.

‘सु’चंच घ्या. सुयॉंग म्हणजे पोहणं, होंगसु म्हणजे पूर, सॅंगसु म्हणजे बाटलीतलं पिण्याचं पाणी. विद्यार्थी वहीत लिहून टाकतो: सु म्हणजे पाणी. मग सुगॉन हा शब्द येतो, अर्थ टॉवेल. पाण्याशी संबंध आहेच की, असं वाटून अंदाज आणखी पक्का होतो. पण तो चुकलेला असतो. सुगॉनमधला सु पाण्याचा नाही, हाताचा आहे; सुगॉन म्हणजे हात पुसायचं फडकं. हाताचा हाच सु पाक्सुमध्ये (टाळ्या) आहे, सुसुलमध्ये (शस्त्रक्रिया) आहे, आणि कासु (गायक), सॉन्सु (खेळाडू), मोक्सु (सुतार) यांच्या शेवटीही आहे. एखाद्या कामात ज्याचा हात बसलाय तो माणूस, असा त्या शेवटच्या ‘सु’चा भाव. सुहाकमधला सु तिसराच, संख्येचा. चॉम्सु म्हणजे परीक्षेतले गुण, त्यातही तोच. सुऑप म्हणजे वर्गातला तास आणि क्योसु म्हणजे प्राध्यापक, यांतला सु ‘देण्या’चा, विद्या देण्याचा.

सुदो हा शब्द तर दोन प्रकारे फसवतो. एक सुदो म्हणजे पाण्याचा मार्ग, घरात येणारं नळाचं पाणी. दुसरा सुदो म्हणजे राजधानी; त्यातला सु ‘डोक्या’चा, प्रमुखपणाचा. लिहायला दोन्ही एकच, उच्चारायलाही एकच. सोल ही कोरियाची सुदो आहे, या साध्या वाक्यावर दुसऱ्या पातळीचे विद्यार्थी थबकतात. वाक्य अवघड नसतं, पण वहीत ‘सु म्हणजे पाणी’ लिहिलेलं असतं.

आपल्याकडे ‘कर’ची हीच तऱ्हा आहे. करकमलातला कर म्हणजे हात, करवसुलीतला कर म्हणजे सरकारी कर, दिनकरातला कर म्हणजे करणारा आणि चिपळूणकरांचा कर म्हणजे त्या गावचा. मराठी माणूस यात कधीच गोंधळत नाही, पण मराठी शिकणाऱ्याने ‘कर म्हणजे हात’ एवढंच पाठ केलं तर चिपळूणकर हे आडनाव वाचून त्याच्या मनात काय येईल?

हा गोंधळ कोरियनमध्ये एवढा का वाढला, याचं उत्तर लिपीत आहे. हांजात लिहिलं तर पाण्याचा सु, हाताचा सु आणि संख्येचा सु यांची चित्रं पूर्ण वेगळी असतात. राजा सेजोंगने 1446 मध्ये हांगुल ही लिपी जाहीर केली. ती आवाज अचूक लिहिते, त्यामुळे हांगुलमध्ये हे सगळे सु एकाच रूपात येतात. शेकडो वर्षं दोन्ही लिप्या शेजारी शेजारी नांदल्या. उत्तर कोरियाने 1949 मध्ये हांजाचा वापर बंद केला. दक्षिणेत 1972 मध्ये शाळांसाठी 1,800 मूलभूत हांजा ठरवून दिले गेले, पण रोजच्या लिखाणातून ती अक्षरं हळूहळू मागे पडली. आज ती वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत एखाददुसरी दिसतात, नाहीतर आपल्याकडच्या दुकानांतही मिळणाऱ्या शिन राम्यॉनच्या लाल पाकिटावर. पाकिटावरचं ते मोठं काळं अक्षर म्हणजे ‘शिन’, तिखट.

मग ही अक्षरं लिहायला शिकायची का? माझं मत स्पष्ट आहे: बोलण्या-वाचण्यापुरती भाषा हवी असेल तर नाही. टोपिक या कोरियन भाषेच्या प्रावीण्य परीक्षेत हांजा विचारत नाहीत. मूळ ओळखता आलं पाहिजे, रेघा गिरवता आल्या नाहीत तरी चालतं. पण मुळाला नुसत्या आवाजाने हाक मारू नये. याची युक्ती खुद्द कोरियन लोकांकडेच आहे, आणि ती मला इतकी आवडते की पहिल्याच महिन्यात शिकवावी असं वाटतं.

कोरियन माणूस हांजाचं नाव घेताना आधी देशी शब्दात अर्थ सांगतो आणि मग आवाज. पाण्याचा सु म्हणजे ‘मुल सु’, हाताचा ‘सोन सु’, संख्येचा ‘सेम सु’, डोक्याचा ‘मॉरी सु’, देण्याचा ‘चुल सु’. मुल म्हणजे पाणी, सोन म्हणजे हात, सेम म्हणजे मोजणी, मॉरी म्हणजे डोकं. जुन्या काळी सॉदांग नावाच्या गावशाळेत मुलं ‘हानुल छॉन, त्तांग जी’ (आकाशाचा छॉन, जमिनीचा जी) असं एका सुरात घोकायची. आपणही फोनवर नाव सांगताना ‘शहामृगाचा श’, ‘पोटफोड्या ष’ म्हणतो. कान जो फरक सांगू शकत नाही, तो आपण शब्दाने सांगतो.

या पद्धतीत एका दगडात दोन शब्द हाती लागतात. ‘मुल सु’ पाठ झालं की मूळ तर कळतंच, शिवाय रोजच्या बोलण्यातला देशी शब्दही येतो. तो यावाच लागतो, कारण नुसता ‘सु’ एकटा कामाला येत नाही. हॉटेलात पाणी मागायचं तर ‘मुल चोम चुसेयो’ म्हणायचं. आपण जलतरण, जलप्रवाह म्हणतो, पण तहान लागली की कोणी ‘जल दे’ म्हणत नाही, तसंच हे.

मूळ नीट ओळखलं की मराठी माणसाला एक खास बक्षीस मिळतं. कोरियन बुधवार म्हणजे सुयोइल, पाण्याचा वार. विचित्र वाटतं? बुध ग्रहाचं कोरियन नाव बघा: सुसॉंग, पाण्याचा तारा. मंगळवार ह्वायोइल, मंगळ ह्वासॉंग. ‘ह्वा’ म्हणजे अग्नी. गुरुवार मोग्योइल, गुरू ग्रह मोक्सॉंग. ‘मोक’ म्हणजे लाकूड. शुक्र आणि शनी यांचंही तसंच, आणि रवी-सोम अर्थातच सूर्य-चंद्राचे. वारांमागचे ग्रह क्रमाने तेच आहेत. आठव्या शतकात अमोघवज्र या बौद्ध भिक्षूने चिनी भाषेत आणलेल्या ज्योतिषग्रंथात हे ग्रहांचे सात वार आहेत. आपल्या पंचांगाशी असलेलं हे नातं कळलं की आठवड्याचे वार पाठ करावे लागत नाहीत.

रांजणगाव-तळेगावच्या कोरियन कारखान्यांत काम करणाऱ्यांना किंवा तिथे दुभाषे व्हायचं असणाऱ्यांना मुळांचा उपयोग पहिल्या दिवसापासून होतो. ‘छुल’ म्हणजे बाहेर पडणं, ‘इप’ म्हणजे आत जाणं. छुल्गु बाहेर जायचा दरवाजा, इप्कु आत यायचा. पण इथेही जपायला हवं. सुइप म्हणजे आयात, आणि सुइप म्हणजे उत्पन्नही. पहिल्यातला सु वाहून नेण्याचा, दुसऱ्यातला गोळा करण्याचा. वाक्यात जोडीला सुछुल (निर्यात) असेल तर आयात, चीछुल (खर्च) असेल तर उत्पन्न. एकटा शब्द अडवतो तेव्हा त्याची जोडी शोधावी.

आणि काही शब्दांत मूळ शोधूच नये. सुबाक म्हणजे कलिंगड. पाण्याने भरलेलं फळ आणि सुरुवातीला सु, मोह होणारच! पण सुबाक हा देशी शब्द आहे, त्यात मुल सु नाही. सॅंगगाक म्हणजे विचार. तो तर कोरियन लोकांनाही हांजाचा वाटत आला आहे, आणि तोही देशीच. उलट किमची घ्या. याहून अस्सल कोरियन वाटणारा शब्द सापडणार नाही, पण तो आला ‘छिमछॅ’ या हांजाच्या शब्दापासून, म्हणजे बुडवून ठेवलेली भाजी. हस्तचा हात झाला तसा तो पिढ्यान्‌पिढ्या जिभेवर घासून बदलला.

म्हणून अंदाज बांधला की शब्दकोश उघडायचा. नेव्हर या कोरियन संकेतस्थळाच्या शब्दकोशात शब्दाशेजारी हांजा दिलेला असतो. नसेल तर शब्द बहुधा देशी, किमचीसारखा घासून बदललेला किंवा इंग्रजीसारख्या परभाषेतून आलेला समजायचा. त्या अक्षराचं ‘मुल सु’सारखं पूर्ण नाव बघायचं आणि वहीत ‘सु’ असं एकच पान न ठेवता मुल सु, सोन सु, सेम सु अशी वेगवेगळी पानं करायची. सुगॉन सोन सुच्या पानावर गेला की त्याच्या खाली पाक्सु आणि सुसुल आपोआप येऊन बसतात.