गोदाघाटावरील पूरखुणा (नाशिक)

नाशिक शहरात गोदावरीच्या पुराची उंची ओळखण्यासाठी लोक वापरत असलेल्या पारंपरिक खुणा. पाणी किती चढले, हे काठावरच्या वस्तीला वेळेत कळावे लागते. ते काम मुख्यतः दुतोंड्या मारुती आणि नारोशंकराची घंटा या दोन खुणा करतात.

दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती रामकुंडाजवळ थेट पात्रात उभी आहे. पाणी मारुतीच्या पायाला लागले, गुडघ्यापर्यंत आले, कमरेला, छातीला टेकले, अशा भाषेत नाशिककर गंगेचा, म्हणजे गोदावरीचा पूर सांगतात. कमरेवर पाणी गेले की सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या दुकानदारांची माल हलवण्याची घाई सुरू होते. मूर्ती पूर्ण बुडाली की तो मोठा पूर. 1969 आणि 2008 चे पूर जुनी माणसे आजही याच खुणांनी सांगतात.

घंटेचा मान त्याहून वरचा. पंचवटीच्या काठावरचे रामेश्वर मंदिर नारोशंकर राजेबहाद्दर यांनी 1747 मध्ये बांधले. त्याच्या दर्शनी भागावरची भलीमोठी घंटा 1739 च्या वसई विजयाची आठवण असून तिच्यावर 1721 हे साल कोरलेले आहे. पोर्तुगिजांची ही घंटा नाशकात पुराचे अखेरचे माप ठरली. घंटेला पाणी लागले म्हणजे महापूर, हे येथे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

गंगापूर धरण 1965 मध्ये पूर्ण झाल्यापासून शहरातला पूर बराचसा धरणाच्या विसर्गावर ठरतो. क्युसेकचे (दर सेकंदाला किती घनफूट पाणी, याचे) आकडे आधी जाहीर होतात, होळकर पुलाखालची पातळी मोजली जाते. तरीही ‘मारुती कुठवर बुडाला?’ हा प्रश्न मागे पडत नाही आणि तो पडूही नये. इतके क्युसेक म्हणजे आपल्या गल्लीत किती पाणी, हे त्यातूनच लोकांना उमगते. निफाड तालुक्यातील सायखेडा, चांदोरी ही गावे प्रवाहाच्या खालच्या बाजूला असल्याने नाशकातली खबर तिथे आगाऊ इशारा ठरते.

जुन्या-नव्या पुरांची तुलना या खुणांवरून करताना मात्र जपावे लागते. पात्रात झालेले काँक्रीटीकरण आणि काठावरची बांधकामे यांमुळे पाण्याला पसरायला जागा कमी उरली आहे. तेवढाच विसर्ग आता अधिक वरच्या खुणेला भिडू शकतो.