शारीरिक अनुकूलन (दमाचा व ताकदीचा सराव)

नियमित ताणामुळे हृदय, रक्त, स्नायू, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) आणि हाडे यांत जे टिकाऊ बदल होतात त्यांना अनुकूलन म्हणतात. हे बदल एका वेगाने होत नाहीत आणि सरावातली बरीच दुखणी याच तफावतीतून येतात. विदर्भातल्या खेड्यांत पोलीस भरतीच्या तयारीत ते ठळक दिसते: पहाटे डांबरी रस्त्यावर १६०० मीटर (मुलींना ८००), संध्याकाळी दंड-बैठका आणि गोळाफेक. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा.

दम सर्वांत आधी येतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागते आणि सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी हळूहळू उतरते. तांबड्या पेशी सावकाश वाढतात, म्हणून या दिवसांत हिमोग्लोबिन किंचित कमी भरू शकते. तेवढ्यावरून घाबरायचे कारण नाही. मुलींत मात्र लोहाची खरी कमतरताही पुष्कळदा असते, ती तपासून घ्यावी. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंत केशवाहिन्या (अगदी बारीक रक्तवाहिन्या) आणि मायटोकाँड्रिया (पेशीत ऊर्जा तयार करणारे भाग) वाढतात. यासाठी बहुतेक धावणे बोलता येईल इतक्या संथ गतीने हवे. रोज घड्याळ लावून १६०० मीटर पळणे ही परीक्षा झाली, सराव नव्हे.

ताकदीचा हिशेब वेगळा. पहिले चार-सहा आठवडे वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेची पकड. सुरुवातीला जेमतेम उचललेले सोयाबीनचे पोते महिन्याभरात सहज खांद्यावर येते, पण मांडीचा घेर जवळपास तेवढाच असतो. स्नायूतंतू जाड होणे ठळक दिसते ते त्यानंतर, आणि त्याला वाढता भार लागतो. बैठका शंभरावरून दोनशेवर नेल्याने चिवटपणा येतो. गोळ्याला लागणारा झटका येत नाही. त्यापेक्षा खांद्यावर वाळूची थैली घेऊन ६ ते १२ बैठकांच्या तीन फेऱ्या, मध्ये दोन-तीन मिनिटे विसावा, आणि त्याच स्नायूला पुढचा जड ताण दोन दिवसांनी. वजनाच्या दर किलोला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने, म्हणजे ६० किलोच्या मुलाला ९५ ग्रॅमच्या आसपास. वाटीभर पातळ वरणातून पाच-सहा ग्रॅमच मिळतात. अंडी, फुटाणे, सोयाबीन यांची भर घालावीच लागते.

दोन्ही सराव जोराने एकत्र केले तर ताकदीची वाढ अडू शकते. संशोधक रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० च्या दहा आठवड्यांच्या प्रयोगात दोन्ही करणाऱ्यांची ताकद सुरुवातीला वाढली, मग थांबली आणि शेवटी घसरली. म्हणून दोन सत्रांत सहा तास तरी अंतर ठेवतात.

हाड सर्वांत मागे राहते. नव्या ताणाला उत्तर देताना ते आधी आतून पोखरले जाते आणि मग भरते. या फेऱ्याला तीन-चार महिने लागतात. दम आलेला असतो, अंतर वाढवलेले असते, आणि नेमके तेव्हा हाड कच्चे असते. नडगीच्या आतल्या कडेला चार-पाच बोटे लांबीत दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर हाडाच्या आवरणाची सूज समजावी. एका बोटाखाली नेमके दुखते, धावताना वाढते, रात्रीही ठणकते, तर हाडाला बारीक चीर असू शकते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे ‘फोटो साफ आहे’ म्हणून पळत राहणारे फसतात.

उन्हाची सवय दहा-चौदा दिवसांत होते: घाम लवकर सुटतो, त्यातले मीठ कमी होते. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक (आई किंवा वडील एकाकडूनच दोष आलेले) बरेच आहेत, म्हणून सराव सुरू करण्याआधी तो ओळखणारी रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी करावी. वाहकाला एरवी काहीच जाणवत नाही. उन्हात सलग जोरदार धावताना मात्र पाय एकाएकी गळतात. पायात पेटका आल्यावर स्नायू दगडासारखा होतो, इथे तो मऊच राहतो. अशा वेळी ‘अजून एक राउंड’ न म्हणता त्याला लगेच थांबवून सावलीत न्यावे, अंग गार करावे आणि तडक दवाखाना गाठावा.