वस्तीला गेलेले लोक

इंदापूर-बारामतीकडे डांबरी सोडून कच्च्या रस्त्याला लागलं की पाट्या दिसू लागतात. कुणाची वस्ती, कुणाचा मळा. पाटी असते, गाव मात्र कुठे दिसत नाही. उसाच्या फडाआड एक पत्र्याचं छप्पर, दोन बांध ओलांडून दुसरं. मधे विहीर, कडब्याची गंज, दावणीला दोन जर्सी गायी. कोकणातली वाडी जुनी आहे, तिथे गाव म्हणजेच वाड्यांचा पुंजका. देशावर शेतकरी शेतात राहायला गेला तो बराच अलीकडे.

इथल्या जुन्या गावाचे दोन भाग : राहायची ती पांढरी, कसायची ती काळी. पांढरीभोवती गावकूस, त्याला वेस. पेंढाऱ्यांच्या आणि लुटालुटीच्या काळात रानात एकटं घर बांधायची कुणाची छाती नव्हती. अर्थात गावकुसाचा आडोसा सगळ्यांना नव्हता. महार-मांगांची घरं कुसाबाहेरच होती आणि त्यांच्या राखणीला कुठलीच भिंत नव्हती.

1818 ला पेशवाई गेली, लुटालूट हळूहळू थांबली आणि गावकुसं ढासळू लागली. पडलेल्या भिंतीचे दगड लोकांनी घरांना लावले असतील तर नवल नाही. नंतर आली इंग्रजांची जमीनमोजणी. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने ठरवलेला सारा इतका जड होता की लोकांनी जमिनी टाकून दिल्या. मग 1830 च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या दुसऱ्या दोन अधिकाऱ्यांनी इंदापुरातच नव्याने सुरुवात केली : शेताला नंबर, हद्दीला दगड आणि 30 वर्षांसाठी ठरलेला सारा. रानाला कागदावर धनी मिळाला. तरी धनी झोपायला गावातच यायचा.

तो रानात कसा राहिला, हे ‘वस्ती’ या शब्दातच आहे. वस्ती म्हणजे मुळात रात्रीचा मुक्काम. एसटीची मुक्कामी गाडी अजून ‘वस्तीची गाडी’च. पीक राखायला, जनावरांजवळ निजायला घरातलं कुणीतरी वस्तीला जायचं. आधी माळा, मग छप्पर, मग चूल. चूल पेटली की बाईमाणूस आलं आणि मुक्कामाचं घर झालं.

पाण्याने हे पक्कं केलं. 1885 च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला. ऊस आला आणि बारमाही पीक दुरून सांभाळता येईना. जिथे कालवा नव्हता तिथे विहिरीवर मोट, बैलांनी ओढायची पाण्याची मोठी पखाल. पहाटे बैल धावेच्या उतारावरून उतरायचे, विहिरीकाठच्या दगडी कुंडात, थारोळ्यात, पाणी ओतलं जायचं, पाटाला कुणीतरी दारं धरायचं. 1960 नंतर खेडोपाडी वीज आली, मोटेच्या जागी मोटर बसली. आता तर शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीच असते. बॅटरी घेऊन मध्यरात्री उसात शिरायचं तर घर जवळ हवंच. त्यात भावाभावांच्या वाटण्या. ज्याचं रान त्याच्या रानात घर, म्हणून सबंध वस्तीला एकच आडनाव.

वस्तीचा स्वभावही त्यातूनच घडला. इथे शेजारी म्हणजे भावकी. लग्नात सगळे एका पंगतीला आणि बांधावरून तहसिलात समोरासमोर. चावडी, पार, मारुती हे सगळं मूळ गावात राहिलं. बांधावर शेंदराचा म्हसोबा असतो, पण जत्रेला आणि तलाठ्याकडे जायचं ते गावालाच. सातबाऱ्यावरही त्याच गावाचं नाव. मला यात थोडी गंमत वाटते : माणसं गाव सोडून पन्नास-साठ वर्षं झाली, तरी ‘गावात चाललोय’ म्हणतात, जणू आपण अजून वस्तीलाच आहोत.

जुन्या विहिरींवर मोटेचं थारोळं अजून शाबूत आहे. दोराने दगडाला पडलेल्या खाचा बोटाला लागतात. आता त्यावर सकाळी धुणं आपटतात आणि धावेच्या उतारावर गोठा उभा आहे.