विकरप्रक्रिया, वनस्पतिजन्य तंतूंवरील

कापूस, ताग, केळीचे खोड अशा वनस्पतिजन्य तंतूंवरची खळ, पेक्टिन (वनस्पतींतला चिकट पदार्थ), डिंक हे पदार्थ जहाल रसायनांऐवजी विकरांच्या (एन्झाइमांच्या) साहाय्याने काढण्याची पद्धत. त्यासाठी वापरली जाणारी विकरे ही सूक्ष्मजीवांपासून मिळवलेली प्रथिने असून प्रत्येकाचे काम ठरलेले असते. स्टार्च तोडणारे अमायलेज कापसाच्या सेल्युलोजला (ज्याचा तंतू बनलेला असतो त्या पदार्थाला) हात लावत नाही.

यांतले सर्वांत जुने काम खळ काढण्याचे. ताण्याचे सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला खळ देतात आणि विणून झाल्यावर ती काढतात. त्यासाठी जीवाणूजन्य अमायलेज पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच युरोपात वापरात आले. पर्यावरणाचा विचार तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता. कापडावर आयोडीनचा थेंब टाकून निळा डाग उमटला, तर स्टार्चची खळ अजून शिल्लक आहे असे समजतात.

टॉवेल-चादरींसाठी प्रसिद्ध असलेल्या सोलापूरला खरे महत्त्व पुढच्या पायरीचे. कच्च्या कापसावर मेण व पेक्टिन यांचा थर असल्याने त्यावर पाण्याचा थेंब न मुरता तसाच राहतो, आणि इथल्या टेरी (फाशांच्या) टॉवेलचा सारा लौकिक तर पाणी टिपण्यावर. हा थर घालवायला रूढ पद्धतीत कॉस्टिक सोड्याच्या जवळजवळ उकळत्या पाण्यात माल शिजवतात, मग तो सोडा जाईपर्यंत पुन्हापुन्हा धुतात. पेक्टिन तोडणारे पेक्टिनेज हे विकर हेच काम ५०–६० अंश सेल्सिअसला, सौम्य अल्कधर्मी पाण्यात करते. इंधन वाचते, धुण्याचे पाणीही वाचते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात ही बचत किरकोळ नव्हे. सोलापुरी चादरीचे सूत विणण्याआधीच रंगवतात, त्यामुळे तिच्याबाबत ही प्रक्रिया सुताच्या लडीवरच करावी लागते.

मर्यादाही आहेत. सरकीच्या सालीचे काळे ठिपके पेक्टिनेजने जात नाहीत. पांढऱ्या मालाला रंग उडवणारे हायड्रोजन पेरॉक्साइड लागतेच. उरलेले पेरॉक्साइड कॅटलेज या विकराने नष्ट केले, की रंगाईपूर्वीच्या धुण्या कमी होतात. कापडावरची लव काढणारे सेल्युलेज मात्र जपून वापरावे लागते. ते खुद्द सेल्युलोजच कुरतडते. वेळेत तापमान वाढवून ते निकामी केले नाही, तर टॉवेलचे फासे कमजोर होतात.

सोलापूर जिल्ह्यात करमाळा, माढा भागांत केळीची मोठी लागवड आहे. घड उतरवल्यावर उरलेल्या खोडातून यंत्राने काढलेल्या तंतूंतला डिंक पेक्टिनेज व झायलनेज या विकरांनी कमी करता येतो. तरीही हे तंतू कापसापेक्षा भरड व ताठरच राहतात. अंगाला लागणाऱ्या कापडासाठी ते कापसात मिसळून कातणेच सोयीचे पडते.