विज्ञानाची पदवी, वकिलीची सनद आणि पेटंटची परीक्षा

‘पेटंट अटर्नी’ म्हणवून घेणाऱ्याच्या कार्डावर आपल्याकडे बहुधा तीन गोष्टी दिसतात: एम.एस्सी. किंवा बी.टेक., त्यापुढे एलएल.बी. आणि खाली पेटंट एजंट म्हणून मिळालेला नोंदणी क्रमांक. अर्ज दाखल करण्यापुरते बोलायचे तर कायदा फक्त पहिली आणि तिसरी गोष्ट पाहतो. भारतीय पेटंट कायद्याला माहीत आहे तो ‘एजंट’. अमेरिकेत तांत्रिक पात्रतेची परीक्षा दिलेला बिगरवकील तो एजंट आणि तीच परीक्षा दिलेला वकील तो अटर्नी, अशी सरळ विभागणी आहे. आपण तिथली पाटी आणली, विभागणी आणली नाही. विज्ञान शिकलेल्या माणसाला इथे नेमके काय करता येते, हा घोळ पन्नास वर्षांत तीनदा बदललेल्या एका कलमात आहे.

आधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८५६ मध्ये पेटंटचा पहिला कायदा आला आणि कलकत्त्यातल्या एका सिव्हिल इंजिनिअरने हाताने ओढायच्या पंख्यासाठी यंत्र शोधून पहिला हक्क मिळवला. पुढे १९११ चा कायदा साठेक वर्षे चालला. कामाची गोष्ट सुरू होते ती १९७० च्या कायद्यापासून. तो २० एप्रिल १९७२ ला अमलात आला. त्याच्या कलम १२६ ने पेटंट एजंटची पात्रता ठरवली: भारतीय नागरिक, वय २१ पूर्ण, विद्यापीठाची पदवी आणि त्यावर एकतर वकिलीची सनद किंवा पात्रता परीक्षा. जुन्या मंडळींचीही सोय होती. १ नोव्हेंबर १९६६ पूर्वीपासून हे काम करणाऱ्या आणि तोवर किमान पाच संपूर्ण तपशीलपत्रे (शोधाचे वर्णन करणारे दस्तऐवज) दाखल केलेल्या माणसाला थेट नोंदणी मिळे.

त्या कलमात पदवी कोणत्या विषयाची, याबद्दल एक अक्षर नव्हते. म्हणजे संस्कृत घेऊन बी.ए. झालेला वकील रासायनिक प्रक्रियेचे दावे, म्हणजे पेटंटने नेमके काय राखले ते सांगणारी वाक्ये, लिहायला कायद्याने पात्र होता. आज हे विचित्र वाटते, पण तेव्हा फारसे कोणाला खटकले नाही, कारण मोठे पैसे ज्यात होते त्या औषधांच्या रेणूंवर पेटंट मिळतच नव्हते. मिळे ते फक्त तयार करण्याच्या पद्धतीवर. तेही मुद्रांकनापासून (पेटंटवर शिक्का बसल्यापासून) पाच किंवा पेटंटच्या तारखेपासून सात वर्षे, यातले जे कमी असेल तेवढेच.

याच काळात मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यातल्या औषध कारखान्यांत एक वेगळी जात तयार झाली. परदेशी पेटंट वाचायचे, त्यातली कोणती पायरी टाळता येते ते पाहायचे, दुसरा द्रावक, दुसरा उत्प्रेरक, दुसरा क्रम लावून तोच रेणू गाठायचा, हे त्यांचे रोजचे काम. माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञानाच्या वर्गांतून बाहेर पडलेले कितीतरी जण यात होते. पेटंट कसे वाचावे हे त्यांना कोणत्याही वकिलापेक्षा चांगले कळे, मग नावापुढे कायद्याची पदवी असो वा नसो. आजच्या विज्ञान-शिक्षित पेटंट व्यावसायिकाचे खरे पूर्वज मला हे लोक वाटतात. कलकत्त्याच्या इंजिनिअरशी त्याचा संबंध औपचारिक आहे.

१९९५ नंतर चित्र पालटले. जागतिक व्यापार कराराने औषधांच्या रेणूंनाही पेटंट देणे बंधनकारक केले आणि त्यासाठी दहा वर्षांची मुदत दिली. त्याच वर्षी अमेरिकेत जखमेवरच्या हळदीला पेटंट मिळाले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ती कहाणी मराठी वाचकाला पाठ आहे. व्यवसायाच्या दृष्टीने त्यातला धडा एवढाच की लढाई जिंकली ती जुने संदर्भ शोधून, त्यांचे भाषांतर करून, दाव्यातल्या एकेका शब्दासमोर मांडण्याने. हे काम प्रयोगशाळेतल्या माणसाच्या हातचे होते. २००२ च्या दुरुस्तीने, जी मे २००३ पासून लागू झाली, कलम १२६ मध्ये ‘विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञान’ हे शब्द घातले. बी.ए., बी.कॉम. वकिलांचा दरवाजा बंद झाला, पण विज्ञान पदवीधर वकिलाला परीक्षेची सूट कायम राहिली.

वाद पेटला तो पुढच्या पायरीवर. २००५ च्या दुरुस्तीच्या वेळी सगळी चर्चा औषधांच्या किमतीभोवती आणि माहीत असलेल्या औषधाच्या किरकोळ नव्या रूपाला पेटंट नाकारणाऱ्या कलम ३(ड) भोवती फिरत होती, आणि ते योग्यही होते. त्याच दुरुस्तीत वकिलांची सूट काढणारी एक ओळ होती. त्यानंतर सनद असली तरी वकिलालाही परीक्षा द्यावी लागे. वकिलांचा आक्षेप असा: उच्च न्यायालयात पेटंट रद्द करण्याचा खटला मी लढवू शकतो, कलम १३२ प्रमाणे पेटंट कार्यालयाच्या नियंत्रकासमोरच्या सुनावणीतही भाग घेऊ शकतो, मग साधा अर्ज भरायला मला परीक्षा का? मार्च २०१३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हा आक्षेप मान्य केला आणि ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. विज्ञानाच्या पदवीची अट मात्र तशीच राहिली.

युक्तिवाद ऐकायला नीट आहे, पण मला तो कधीच पटला नाही. खटला लढवणे आणि दावे लिहिणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात एखादा शोध वर्णन करून दिलेला असतो आणि त्यावर तपशीलपत्र लिहायचे असते. तिथे ‘कम्प्रायझिंग’ (यांचा समावेश असलेले) लिहिले तर दावा उघडा राहतो, प्रतिस्पर्ध्याने आणखी एक घटक घातला तरी तो सुटत नाही. ‘कन्सिस्टिंग ऑफ’ (फक्त यांचेच बनलेले) लिहिले तर एक चिमूट मीठ वाढवून तो निसटतो. तापमान ‘८० अंश’ लिहायचे की ‘७० ते ९५’, हे ठरवायला अभिक्रिया कळावी लागते आणि आधीचे वाङ्मय माहीत असावे लागते. कायद्याच्या तीन वर्षांत हे कोणी शिकवत नाही, आणि नुसत्या बी.एस्सी.तही नाही. सूट द्यायचीच तर पहिल्या, कायद्याच्या पेपरातून द्यायला हवी होती.

परीक्षेतल्या या सवलतीचा फायदा सर्व विज्ञान-वकिलांना सारखा मिळतो असेही नाही. कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी असेल तर वकिलांच्या नियमांप्रमाणे सनद स्थगित ठेवावी लागते. म्हणजे पुण्यातल्या एखाद्या औषध कंपनीत पेटंट विभाग सांभाळणारी पीएच.डी.-एलएल.बी. बाई कागदावर वकील उरत नाही आणि तिला परीक्षेच्याच रांगेत उभे राहावे लागते. ती रांगही लहरी: २०१८ नंतरची परीक्षा थेट मे २०२३ मध्ये झाली.

उलट्या बाजूचा फटका २०२१ मध्ये बसला. २००७ पासून पेटंटची अपिले एका खास मंडळाकडे जात आणि तिथे बिगरवकील एजंट स्वतः उभा राहू शकत असे. एप्रिल २०२१ मध्ये ते मंडळ बरखास्त होऊन अपिले उच्च न्यायालयांकडे गेली. तिथे सनदेशिवाय युक्तिवाद नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ च्या नियमांत नोंदणीकृत एजंटांना वकिलांसोबत राहून न्यायालयाला साहाय्य करण्याची मुभा दिली, पण बोलणारा वकीलच. दहा-पंधरा वर्षे मंडळासमोर स्वतः बाजू मांडलेले रसायनशास्त्रज्ञ आता वकिलाच्या मागच्या खुर्चीवर बसून चिठ्ठ्या पुढे सरकवतात, नाहीतर चाळिशीत एलएल.बी.ला नाव घालतात.