वंशावळीत न सापडणारी माणसं

जुन्या कुलवृत्तांतातली वंशावळ पाहिली की मूळ पुरुषापासून एकाखाली एक नावं उतरत येतात आणि मध्येच एखादी शाखा खुंटते. नावापुढे एखादाच शब्द असतो : ‘परागंदा’, ‘निपुत्रिक’, ‘दत्तक गेला’. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारलं तर विषय बदलला जातो. आपल्या घराण्याचा शोध घेताना आज अनेकांना जे धक्के बसतात, ते या त्रोटक शब्दांच्या आड दडलेले असतात. काही माणसांच्या वाट्याला तर तेवढा शब्दही आलेला नाही.

कुलवृत्तांत छापण्याची लाट आली ती विसाव्या शतकात. घराण्यातल्याच उत्साही मंडळींनी गावोगावच्या भाऊबंदांना पत्रं धाडली, माहिती मागवली, वर्गणी काढली आणि ग्रंथ छापला. काम मोठ्या चिकाटीचं होतं, त्याचं मोल मी कमी मानत नाही. पण ज्या घराने जे कळवलं तेच छापलं गेलं, आणि घराला जे लपवायचं होतं ते कुणी पत्रात लिहिलं नाही.

लपवायचं काय होतं? ब्राह्मण आणि तत्सम घरांत बहुतेक वेळा एक बालविधवा. 1856 च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली, पण समाजाने दिली नाही. घरातल्याच किंवा ओळखीच्या पुरुषाकडून तिला दिवस गेले, तर केशवपन झालेल्या त्या मुलीपुढे विहीर, तीर्थयात्रा किंवा सुईणीचं औषध एवढेच मार्ग उरत. शिवाय 1860 च्या दंडसंहितेने मृत अर्भक गुपचूप पुरून जन्म दडवणं हाही गुन्हा ठरवला. म्हणजे पुरुष नामानिराळा आणि खटला बाईवर.

पुण्यातल्या काशीबाईचं असंच झालं. महात्मा फुले यांनी 1884 मध्ये लिहिलेल्या टिपणात तिची हकीकत आहे. फुल्यांचे मित्र गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला असलेली ही तरुण ब्राह्मण विधवा एका शास्त्र्याच्या नादाने फसली, तिने मूल मारून विहिरीत टाकलं, आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फुले दांपत्याने स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं ते याच प्रकरणानंतर, 1863 मध्ये. नाव गुप्त ठेवून बाळंत व्हा, मूल न्या किंवा इथेच ठेवा, अशी सोय होती. त्या टिपणापर्यंत 35 विधवा तिथे येऊन गेल्या होत्या. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत याला फुल्यांनी 1874 मध्ये दत्तक घेतलं आणि पुढे मृत्युपत्र करून वारस नेमलं. तरीही 1890 मध्ये जोतिरावांच्या अंत्ययात्रेत भाऊबंदांनी यशवंतला टिटवं, म्हणजे प्रेतापुढे न्यायचं अग्नीचं मडकं, धरू दिलं नाही आणि ते सावित्रीबाईंनी हाती घेतलं, असं चरित्रकार सांगतात. जे सगळ्यांना ठाऊक होतं त्यालाही एवढा विरोध झाला, तर इतर घरं गप्प का बसली हे वेगळं सांगायला नको.

1875 मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने असंच गृह निघालं. पंढरपूर ही जागा सोयीची होती. विठोबाच्या दर्शनाला निघालेल्या विधवेला कुणी कारण विचारत नसे.

मात्र सगळ्याच घरांतलं गुपित मुळात गुपित नव्हतं, आणि माझ्या मते हाच भाग सर्वांत कमी बोलला जातो. शेतकरी आणि कारागीर जातींमध्ये विधवेचा पाट लागणं, म्हणजे पुनर्विवाह, उजळ माथ्याने होत असे. पेशवाईत सरकार त्यावर पाटदाम नावाचा करही घेई. पुढे घराची ऐपत वाढली, वरच्या जातींचे रिवाज उचलले गेले आणि पाट कमीपणाचा वाटू लागला. मग नातवंडांनी पणजीचं पहिलं लग्न गाळून टाकलं. सरदारांच्या आणि सावकारांच्या घरांतल्या कुणबिणींचंही, म्हणजे विकत घेतलेल्या दासींचंही, तसंच. त्यांची खरेदी आणि त्यांना दिलेली कामं यांच्या नोंदी पेशवाईच्या कागदांत आहेत. त्यांची मुलं वंशावळीत मात्र नाहीत.

‘परागंदा’ झालेल्यांतले काही गुन्हेगार ठरून 1858 नंतर अंदमानात गेले. तिथे शिक्षेचा काही काळ भोगल्यावर चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यांना बंदिवान स्त्रियांशी लग्न करायची परवानगी मिळे, त्यामुळे गावाकडे संपलेली शाखा पोर्ट ब्लेअरला चालू राहिली. काही जण कोकणातून मुंबई बंदरामार्गे मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर गेले. मजुरांची भरती 1834 पासून सुरू होती. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या मजुरांच्या नोंदी जपल्या आहेत : नाव, बापाचं नाव, जात, गाव, जिल्हा, उंची, अंगावरच्या खुणा, पुढच्या काळातल्या काहींचे फोटोसुद्धा. तिकडचे मराठी भाषक त्या नोंदींवरून रत्नागिरीकडचं गाव शोधत येतात, तेव्हा इकडच्या घराला आपला एक पूर्वज जहाजावर चढला होता हे पहिल्यांदा कळतं.

म्हणूनच शोध घेणाऱ्याने घराने लिहिलेल्या कागदावर थांबू नये. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कोण, कुठून, कुणाच्या श्राद्धाला आला ते यजमानाकडून लिहून घेतलेलं असतं, जुनं बरंचसं मोडीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या इनामांच्या चौकशांत वंशावळी आहेत, आणि त्या वाटणीवरून भांडणाऱ्या भाऊबंदांनी एकमेकांविरुद्ध दिलेल्या आहेत. घराने जपून झाकलेली गोष्ट चुलतभावाने रागाने तिथे सांगितलेली असते. दोन्ही बाजूंच्या कैफियती वाचल्याशिवाय विश्वास ठेवू नये, हेही खरं.

बाईचा शोध सर्वांत अवघड, कारण लग्नात तिचं नाव बदलतं आणि सासरच्या ग्रंथात पुष्कळदा ‘पत्नी’ एवढंच उरतं. अशा वेळी तिच्या माहेरच्या आडनावाचा कुलवृत्तांत काढावा. सासरच्यांनी गाळलेली बाई तिथे लेक म्हणून कधी कधी सापडते : जन्मनावाने, कुठल्या गावी दिली त्यासह, आणि नशीब असेल तर पुढे ती कुठे राहिली त्याच्या एका ओळीसह.