सिग्नल तोडला आणि लायसन्स अडकलं: रिक्षा-टॅक्सीचालकाने पुढे काय करायचं?

सिग्नल न पाळल्याचं साधं चलान मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली होतं. पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुढे १,५०० पर्यंत. दिवसाच्या धंद्यातून ५०० गेले की चालक चरफडतो, पण दुसऱ्या दिवशी त्याच चौकात पुन्हा घाई करतो. कॅमेऱ्याच्या चलानाचा तर मेसेज मालकाच्या मोबाइलवर जातो. शिफ्टवर चालवणाऱ्याला ते हिशेबात पैसे कापले जातात तेव्हाच कळतं, आणि तोवर तो सिग्नल कोणता हेही आठवत नाही.

धंदेवाईक चालक वचकतो तो लायसन्सला. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं, की लाल दिवा तोडणाऱ्याचं लायसन्स किमान ३ महिने निलंबित करा. २०१९ च्या दुरुस्तीने लाल सिग्नल ओलांडणं कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यात आलं: १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही. म्हणून चलान हाती आलं की आधी कलम बघा, रक्कम नंतर.

चलान 'महाट्रॅफिक'वर, म्हणजे महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पोर्टलवर, गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून दिसतं. फोटो मोठा करून पाहा: नंबरप्लेट तुमचीच आहे का, दिवा लाल दिसतो का, गाडी स्टॉपलाइनच्या पुढे आहे का. चौकातल्या पोलिसानेच हात करून पुढे काढलं असेल किंवा नंबर दुसऱ्याच गाडीचा असेल, तर पैसे भरण्याआधी 'महाट्रॅफिक'वरच तक्रार करा. सोबत चलानाची प्रत, आरसी, लायसन्स आणि असेल तो पुरावा ठेवा. गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारलं, तर कलम १३३ प्रमाणे चालकाचं नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती देणं मालकावर बंधनकारक आहे. मालकाने शिफ्टची वही ठेवलेली बरी. नाहीतर दोघांत भांडण ठरलेलं.

पोलिसांनी लायसन्स जप्त केलं तर पोचपावती मागून घ्याच. पण कलम १८४ खाली लायसन्स जप्त झालं असेल, तर ते परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. जप्त लायसन्स आरटीओकडे जातं. निलंबनाआधी तुमचं म्हणणं ऐकून घेणं आरटीओला भाग आहे, त्यामुळे नोटीस आली की तारखेला स्वतः जा. नोटीस, चलान, भरलेल्या दंडाची पावती, बॅज आणि लेखी खुलासा बरोबर असू द्या. घरची परिस्थिती सांगायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. आधीचा रेकॉर्ड स्वच्छ असेल तर त्यावर भर द्या. जुनी चलानं थकलेली असतील, तर निदान ती तरी मिटवून जा.

आदेश विरोधात गेला तर ३० दिवसांत अपील करता येतं. निलंबनाच्या काळात मात्र स्टिअरिंगला हात लावू नका. कलम १८२ खाली ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि त्यात अपघात झाला तर विम्याचाही घोळ होतो. मुदत संपल्यावर लायसन्स हातात आलं तरी लायसन्सच्या सरकारी 'सारथी' पोर्टलवर ते चालू दिसतंय का, हे पाहूनच गाडी बाहेर काढा.